पट्टीवरचा हात

कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आठल्यांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर मोक्याच्या जागी गेल्या वर्षापर्यंत एक पट्टी टांगलेली होती. म्हणजे पट्टीचा फोटो. हुगळीच्या गढूळ पाण्यातून वर आलेला खांब, त्यावर ठोकलेली काळ्या-पांढऱ्या खुणांची पाणी मोजायची पट्टी, आणि उजव्या कडेने फोटोत शिरून खांबाला धरून बसलेला एक सावळा हात. मनगटापर्यंतच. करंगळी वाकडी.

नवा पाहुणा चहाचा पहिला घोट घेता घेता हमखास विचारायचा, "हा हात कुणाचा हो?" मग गुरुदत्त आठल्ये "नावाड्याचा" असं म्हणायचे आणि लगेच भरती-ओहोटीकडे वळायचे. त्या विषयावर ते इतकं बोलायचे की पाहुण्याला हाताची आठवणही राहायची नाही. शकुनताई आतून पोहे आणायच्या तेव्हा पाहुण्याची नजर घड्याळाकडे लागलेली असायची.

गुरुदत्त एकोणनव्वद साली नदीची पाणीपातळी नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीत पुण्याहून बदलून आले. तीन वर्षांसाठी. सोबत शकुनताई, कडेवर नूपुर आणि गोडा मसाल्याचे दोन डबे. तीन वर्षं झाल्यावर नूपुरची शाळा आडवी आली, मग बेहाल्यातला फ्लॅट, मग सवय. आता पुण्याला गेलं की आठव्या दिवशी त्यांना नदीची आठवण येते, आणि मुळा-मुठेवर त्यांचं काही भागत नाही.

माणूस नाकासमोर चालणारा. कचेरीचं पेन घरी येऊ द्यायचे नाहीत. एकदा चुकून आलं, तर ते परत करायला सुट्टीच्या दिवशी बस पकडून गेले होते. शकुनताई ही गोष्ट माहेरी रंगवून सांगत, आणि सांगताना त्यांना नवऱ्याचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

काम असं: दर बुधवारी नदीकाठच्या बजबज गावच्या घाटावरून होडीने खांबापर्यंत जायचं, पट्टीवरचा आकडा वाचायचा, आणि पुरावा म्हणून तिचा फोटो काढायचा. आधीच्या कोणा महाभागाने घरी बसून आकडे लिहिले होते, त्याचं हे प्रायश्चित्त. फोटो नोंदवहीत चिकटवायचा. पण वहीतला चौकोन दोन इंच रुंद, आणि नियम असा की फोटोत पट्टीशिवाय काहीही नको. स्टुडिओतून येणारा फोटो सहा इंच रुंद. म्हणजे चार इंच कापून टाकणं आलं.

हे कापायचं काम गुरुदत्त रविवारी सकाळी घरी जेवणाच्या टेबलावर करत. कचेरीतली कात्री बोथट होती, म्हणून शकुनताईंची ब्लाउज बेतायची कात्री घेत. तिची धार गेली म्हणून त्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. पेन्सिलने रेघ मारायची, मान तिरकी करायची, करकर कापायचं. पट्टी वहीत जायची, आणि तिला खेटलेला हात कापता येत नसे म्हणून तोही मनगटापर्यंत जायचा. उरलेला तुकडा टेबलाखाली पडायचा. तिकडे ते बघायचेसुद्धा नाहीत.

होडी निखिलची. आडनाव माझी, बंगालीत माझी म्हणजे नावाडीच. बजबजच्या घाटावर लहानाचा मोठा झालेला, बारीक अंगाचा, बोलायला मिठ्ठास माणूस. खांबाजवळ प्रवाहाला ओढ फार, होडी ठरत नसे. म्हणून निखिल पुढच्या टोकाला बसून एका हाताने खांब घट्ट धरायचा आणि गुरुदत्त मागच्या टोकाला बसून कॅमेरा डोळ्याला लावायचे. "धरलंय रे?" "धरलंय, साहेब." बावीस वर्षं, दर बुधवारी, हेच दोन वाक्यांचं बोलणं. बाकी वेळ दोघं पाण्याबद्दल बोलत. एका वादळानंतर नदी नुसती फुगली होती, तरी निखिलने होडी घातली. "आजचा आकडा परत मिळणार नाही, साहेब," असं तोच म्हणाला होता.

एकदा त्याने विचारलं, "साहेब, एखादा फोटो मला मिळेल?"

गुरुदत्तांनी त्याला समजावलं की रीळ सरकारचं आहे, फोटोही सरकारचे आहेत. मग त्याचा चेहरा बघून म्हणाले, "माझा स्वतःचा कॅमेरा आहे घरी. आणतो एकदा." तो कॅमेरा नूपुरच्या वाढदिवसांना कपाटातून निघे आणि परत कपाटात जाई. कधी रीळ नसे, कधी आठवण नसे. निखिलने पुन्हा कधी विचारलं नाही.

दोन हजार अकराच्या जानेवारीत निखिल तापाने गेला. चार दिवसांचा ताप. पुढच्या आठवड्यात त्याची बायको सुमन कचेरीत आली. गुरुदत्त तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत. पांढरं लुगडं, पायात चपला नाहीत. श्राद्धाला तीन दिवस होते.

"ते म्हणायचे, दर बुधवारी साहेब माझा फोटो काढतात," ती बंगालीत म्हणाली. "वहीत पुष्कळ आहेत म्हणायचे. मला एकच द्या. पाटावर ठेवायला घरात एकही नाही."

नोंदवही मागच्या कपाटात होती. एका वर्षाच्या बावन्न पट्ट्या आणि बावन्न हात. ती वही उघडून या बाईसमोर ठेवायची गुरुदत्तांची छाती झाली नाही. निगेटिव्ह होत्या त्या तळघरात, आणि तळघरात दोन पावसाळ्यांपूर्वी पाणी शिरून त्यांचा लगदा झाला होता. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "नाही, बौदी. त्यांचा फोटो नाही."

सुमनने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं, नमस्कार केला आणि ती गेली. श्राद्धाला तिने पाटावर निखिलचा गमछा घडी करून ठेवला आणि त्यावर निशिगंधाचा हार घातला, हे गुरुदत्तांना घाटावरच्या चहावाल्याकडून कळलं. त्यांनी घरी यातलं काहीही सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मोठ्या हौसेने वहीतला एक फोटो फ्रेम करून दिला, त्या वादळानंतरच्या उंच भरतीचा. तोच भिंतीवरचा. जुन्या वह्या पुढे रद्दीत गेल्या.

ही झाली मागची गोष्ट. आता नूपुरचं ऐका.

नूपुर चाळिशीला टेकलेली. मित्रमैत्रिणींबरोबर प्रदर्शनं भरवते. मराठी बोलते, पण मधूनच तिची गाडी बंगालीच्या रुळावर जाते. गेल्या वर्षी त्यांनी बागबाजारच्या घाटालगतचं एक जुनं गोदाम मिळवलं. हुगळीकाठच्या माणसांचं प्रदर्शन भरवायचं होतं, तेही नामवंतांच्या फोटोंचं नव्हे, घराघरांत पडून असलेल्या फोटोंचं.

"बाबा, तुम्ही एवढी वर्षं नदीवर होता. तुमच्याकडे काहीच नाही?"

"ते सरकारचे होते," गुरुदत्त वर्तमानपत्रातून म्हणाले.

शकुनताई उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरून पत्र्याचे दोन मोठे डबे काढले, दिवाळीत चकल्या ठेवायचे. झाकण उघडलं. आत लिफाफेच लिफाफे. नागपूरच्या मामांचे, साताऱ्याच्या नणंदेचे, राखीचे, लग्नपत्रिकांचे जुने लिफाफे, आणि प्रत्येकावर शकुनताईंच्या अक्षरात एकेक साल. नूपुरने एक लिफाफा टेबलावर उपडा केला तर आतून माणसं बाहेर पडली. घाटावर आंघोळ करणाऱ्या बायका. विटांनी भरलेली होडी. फेरीबोटीच्या कठड्याला टेकलेला, झोप लागलेला ज्यूट मिलचा कामगार. विसर्जनानंतर तरंगणारा दुर्गेचा एक हात.

"आई! हे काय?"

"रविवारचा केर," शकुनताई म्हणाल्या. "हे पट्टी कापून घ्यायचे आणि बाजूला फोटोत आलेलं सगळं खाली टाकायचे. केर काढायला मी. माणसांचे चेहरे केरात कसे लोटायचे? झाडू पुढे जाईना. म्हणून उचलून ठेवले."

गुरुदत्तांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. टेबलाच्या कडेला एक तुकडा पडला होता. होडीच्या टोकाला बसलेला निखिल. चेहरा पूर्ण, हसू पूर्ण, आणि पुढे केलेला हात मनगटाशी संपलेला. त्यांनी दुसरा तुकडा उचलला. निखिल. तिसरा. निखिल, मिशी राखलेला. चौथ्यात कानशिलं पांढरी झालेला. बावीस वर्षं गुरुदत्तांनी कॅमेऱ्यातून आकडा पाहिला होता आणि त्यांच्याकडे बघत बसलेला हा माणूस त्यांना दिसलाच नव्हता.

"हे लावायचं नाही," ते म्हणाले.

"का, बाबा? सरकारला पट्टी पाहिजे होती, सरकारने पट्टी घेतली. हा तर सरकारने फेकून दिलेला केर आहे."

ते उठून गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. सकाळी एकदा घालून झालं होतं. नूपुर डबे घेऊन बागबाजारला गेली, कारण आईने मानेनेच "ने" म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला गुरुदत्तांनी शकुनताईंना सगळं सांगितलं. बाई कचेरीत आली होती. फोटो मागत होती. मी नाही म्हणालो. पाटावर गमछा ठेवला तिने.

शकुनताईंनी कप खाली ठेवला. त्या रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. "अहो, माझ्याकडे होते ना! दोन डबे भरून होते. तेव्हा घरी येऊन एक शब्द बोलला असतात, तर त्याच संध्याकाळी नेऊन दिला असता मी. चौदा वर्षं ती बाई त्या माणसाच्या चेहऱ्याशिवाय आणि मी तो चकल्यांच्या डब्यात घालून बसले होते."

"मला लाज वाटली, शकुन."

"ती कळतेय." त्यांनी नवऱ्याच्या पुढ्यातली बशी उचलली आणि म्हणाल्या, "शर्ट बदला. बजबजला जायचंय. कुणीही बघायच्या आधी तिने बघितलं पाहिजे, आणि ती नको म्हणाली तर नूपुरला उतरवायला लावीन मी."

बेहाल्याहून मेट्रोने माझेरहाट, तिथून बजबजची लोकल. गुरुदत्त डब्यात खिडकीशी बसून काय बोलायचं ते मनात घोळवत होते. सुमनचं घर घाटामागच्या गल्लीत होतं. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. केस पांढरे झालेले, पण त्यांना बघताच ओळखलं. "साहेब," ती म्हणाली, आणि सूप बाजूला न ठेवता शकुनताईंना बसायला चटई पुढे सारली.

मनात घोळवलेलं एकही वाक्य गुरुदत्तांना आठवलं नाही. ते उभ्याउभ्याच बोलले. "बौदी, मी तुम्हाला खोटं सांगितलं. फोटो होते. मी कापले होते. मला ठाऊक नव्हतं, हिने ते तुकडे जपून ठेवलेत. आता मुलीने लावायला घेतलेत, बागबाजारला. तुम्ही आधी बघा. तुम्ही म्हणाल तसं होईल."

सुमनची बोटं तांदळात थांबली. मग पुन्हा चालू झाली. तिने एक खडा बाहेर टाकला. "कधी यायचं?" एवढंच तिने विचारलं. शकुनताईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि रविवार सांगितला, सकाळी नऊ, लोक यायच्या आधी.

तो रविवार येईपर्यंत गुरुदत्तांचं जेवणात लक्ष नव्हतं. रागावली असती तर बरं, असं त्यांना सारखं वाटे.

रविवारी सुमन नवाच्या आधीच गोदामाच्या दारात उभी होती, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. आत नदीचा वास होता आणि ताज्या चुन्याचा. नूपुरला एव्हाना सगळं समजलं होतं. तिने एक आख्खी लांब भिंत निखिलला दिली होती. बावीस वर्षांचे बावीस निखिल, एकापुढे एक, मापाने मोठे केलेले.

सुमन पहिल्यापासून निघाली. प्रत्येकापुढे थांबत होती. तरुण निखिल, हसणारा निखिल, छत्रीखालचा, थंडीत गमछा कानाला गुंडाळलेला. गुरुदत्त तिच्यामागे चार पावलं होते, शाळेत निकालाची वाट बघावी तसे. शेवटच्या फोटोशी ती पोचली आणि तिने पदर तोंडाला लावला.

"केस बघा, साहेब," ती म्हणाली.

गुरुदत्तांनी पाहिलं. गमछा गुंडाळलेले एक-दोन सोडले तर प्रत्येक फोटोत केस तेल लावून चापून बसवलेले होते. नदीवर, वाऱ्यात, वल्ही मारून आलेल्या माणसाचे.

"दर बुधवारी निघायच्या आधी आरशासमोर उभे राहायचे. मी चिडवायची, लग्नाला निघालात का? तर म्हणायचे, आज फोटो आहे. दिल्लीपर्यंत जातो. कचेरीतले मोठे साहेब बघतात, केस पिंजारलेले कसे चालतील?"

गुरुदत्त भिंतीलगतच्या बाकावर बसले आणि चष्मा काढून रडले. त्रेपन्न साली जन्मलेला, पेन परत करायला बसने जाणारा माणूस मुलीसमोर, बायकोसमोर रडला. शकुनताई त्यांच्याजवळ जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

सुमन मात्र पुन्हा मागे चालत गेली होती. ती एकेका फोटोत काहीतरी शोधत होती. "हात कुठे आहे?" तिने विचारलं. "सगळ्यांत हात तुटलाय. ही भिंत राहू दे, साहेब, फार सुंदर आहे. पण मला एकात तरी हात पाहिजे. करंगळी त्यांची दोरात सापडली होती. मीच चिंधीने बांधली, ती वाकडी बसली. मरेपर्यंत चिडवायचे मला त्यावरून."

नूपुरने आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे. गुरुदत्त उभे राहिले.

"बौदी, तुम्ही थांबाल? दोन तास. जाऊ नका."

आणि ते गोदामातून धावतच बाहेर पडले. जन्मात टॅक्सीला हात न करणाऱ्या या माणसाने त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभं राहून टॅक्सी थांबवली. बागबाजार ते बेहाला म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. इकडे शकुनताईंनी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या आणि सुमनला घेऊन घाटाच्या पायरीवर बसल्या. दोघींचं बोलणं मोडक्यातोडक्या बंगालीत चाललं होतं, नवऱ्यांबद्दल. एकदा दोघी मोठ्याने हसल्या, ते नूपुरला आतपर्यंत ऐकू आलं.

गुरुदत्त परत आले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि गोदामात माणसं जमली होती. त्यांच्या काखेत फ्रेम होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. त्यांनी ती टेबलावर पालथी घातली आणि मागचे खिळे उचकटले. नूपुरने त्या सालाचा लिफाफा आणला. त्या उंच भरतीच्या बुधवारचा तुकडा शोधायला वेळ लागला नाही, कारण त्यातलं पाणी इतरांपेक्षा फार वर होतं. गुरुदत्तांनी दोन्ही भाग शेजारी ठेवले आणि बोटाने एकमेकांकडे सरकवले.

कात्री त्या रविवारी सरळ चालली होती. कडेला कड बसली. निखिल होडीत बसला होता, केस चापून बसवलेले, हसत कॅमेऱ्याकडे बघत, आणि त्याचा हात खांबाला धरून होता.

सुमनने वाकड्या करंगळीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. "हा कुठे होता?" तिने विचारलं.

"माझ्या घरी. भिंतीवर. बारा वर्षं."

"म्हणजे तुमच्याकडे होते ते," ती म्हणाली. "बरं झालं. मी आपली गमछ्याशी बोलत होते."

"मला माफ करा, बौदी. त्याने एक फोटो मागितला होता. मी आणतो म्हणालो होतो."

"सांगितलं होतं मला." सुमनने डोळे पुसले आणि आता तिच्या चेहऱ्यावर थोडी खट्याळ छटा आली. "घरी येऊन हसायचे. म्हणायचे, माझा साहेब सरकारच्या रिळातला एक फोटो इकडचा तिकडे करायचा नाही. गल्लीत सांगत फिरायचे."

नूपुरने दोन्ही भाग जपून एका पुठ्ठ्यावर बसवले. मधली रेघ दिसत होती, ती तिने झाकली नाही. सुमनने पुठ्ठा छातीशी धरला, मग उलटा करून समोर धरला आणि भिंतीशी जाऊन ताठ उभी राहिली.

"साहेब, आता आमचा दोघांचा काढा. का हेही रीळ सरकारचंच आहे?"

सगळे हसले. गुरुदत्तांनी नूपुरचा मोबाइल घेतला. काचेत सुमन दिसत होती, खांद्यापर्यंत, आणि निखिल अर्धा. ते दोन पावलं मागे गेले. अजून दोन. मागे उभ्या असलेल्या लोकांना त्यांनी हाताने बाजूला केलं आणि थेट दारापर्यंत सरकले. सुमनचे पांढरे केस, तिची अनवाणी पावलं, पुठ्ठ्याचे चारही कोपरे, खांबावरचा हात, सगळं आत आलं.

"धरलंय, बौदी?" त्यांनी विचारलं.

"धरलंय, साहेब."